अकरा महिन्यांच्या पलीकडे

हे मनन वाचताना घाई नको. आज जिथे राहता त्याच घरात, एखाद्या भिंतीला पाठ टेकून बसा. पंखा चालू असेल तर चालू राहू द्या, बाहेर कोणी हॉर्न वाजवत असेल तर वाजवू द्या. पाठीचा जो भाग भिंतीला लागला आहे तिथे लक्ष न्या. सिमेंटचा गारवा जाणवेल, किंवा भिंत पश्चिमेची असेल तर दुपारच्या उन्हाची ऊब. दोन-तीन श्वास एवढेच.

आता स्वतःला विचारा, ही भिंत कोणाची?

उत्तर तुम्हाला माहीत आहेच. ते मनात उमटल्यावर अंगात काय होते ते पाहा. खांदे सैल होतात की किंचित आवळतात? उत्तर काहीही असो, पाठीला आधार तितकाच मिळतो आहे. भाड्याच्या घरालाही छप्पर असते, तिथेही मुले मोठी होतात, होळीला पुरणपोळी होते. भाड्याने राहणाऱ्याचे आयुष्य अर्धवट असते असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. तरीही ज्याला एका गावात वर्षानुवर्षे राहायचे आहे, त्याने झेपत असेल तर छोटे का होईना, स्वतःचे घर करावे असे मला मनापासून वाटते. का वाटते, ते सावकाश पाहू.

माझ्या डोळ्यांसमोर म्हैसूरच्या मेटगळ्ळीतली मराठी कुटुंबे आहेत. कृष्णराजसागर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे जुने खेडे. शहर वाढत आले, कारखाने आले, आणि खेडे त्यांच्या मध्ये राहिले. विक्रांत टायर्सचा कारखाना इथलाच. १९९७ साली तो जे. के. समूहाकडे गेला, पण विक्रांत हे नाव पुसले गेले नाही. शेजारी हेब्बाळची औद्योगिक वसाहत आहे, इन्फोसिसचे मोठे प्रशिक्षण केंद्र आहे. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडून नोकरी धरून आलेला माणूस इथे खोली घेताना म्हणतो, दोन वर्षे बघू. मग मूल इथल्या शाळेत जाते, शेजारच्या अज्जीशी कन्नडमध्ये भांडू लागते, आणि दोन वर्षांची बारा कधी झाली ते कळत नाही.

तुमच्याही आयुष्यात अशी बारा वर्षे असतील. डोळे मिटा आणि त्या काळातली घरे एकामागून एक आठवा. प्रत्येक घराचे फक्त दार आठवा: कडी कुठे होती, कुलूप कुठल्या बाजूला फिरायचे, उंबरठा किती उंच होता. एखादे दार आठवणार नाही. ते घर राहून सोडले इतकेच उरले असेल. त्याची खंत करू नका, पुढच्या दाराकडे जा.

आता काळाकडे वळू. भाडेकरार अकरा महिन्यांचा का असतो? १९०८च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. तो खर्च आणि ती खटपट टाळण्यासाठी एक महिना कापला गेला, आणि त्या कापलेल्या महिन्याने देशभरातल्या कोट्यवधी माणसांच्या मनाला एक माप लावून दिले. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार कितीही मुदतीचा असला तरी नोंदणी सक्तीची केली, तरी अकरा महिन्यांची सवय गेली नाही.

हे माप मनात धरा. अकरा महिने. एवढ्या काळात काय लावता येते? कुंडीत तुळस, डब्यात कोथिंबीर, फार तर मिरची. शेवग्याची फांदी खोचली तर तिच्या शेंगा खायला बहुधा दुसरे कोणी असेल. नारळ फळायला सहा-सात वर्षे घेतो, म्हणजे सहा-सात करार. भाडेकरू नारळ लावत नाही. त्याला झाड आवडत नाही असे नाही, फळाच्या वेळी आपण इथे असू याची खात्री त्याला कोणी दिलेली नसते. स्वतःच्या घराचा पहिला फायदा मला इथे दिसतो. माणसाला लांबचा विचार करायची मुभा मिळते. मुलीची दहावी, आईचे म्हातारपण, अंगणातला नारळ, हे सगळे एकाच पत्त्यावर कल्पिता येते.

इथे थोडे थांबा. पुढच्या सात वर्षांत तुम्हाला काय रुजवायचे आहे? झाडच असले पाहिजे असे नाही. घरात एखादी शिकवणी सुरू करायची असेल, हातमाग लावायचा असेल, पुस्तकांची भिंत करायची असेल. जे मनात येईल त्याला जागा कुठे आहे, एवढे बघा.

आता उठून, किंवा मनानेच, स्वयंपाकघरात चला. ओट्यापाशी उभे राहा. हात कोपरात किती वाकतात? मान किती खाली जाते? भाड्याच्या घरातला ओटा कोणा अनोळखी माणसाच्या उंचीने, बहुतेक वेळा गवंड्याच्या अंदाजाने बांधलेला असतो. रोज त्याच ओट्यावर कणीक मळणाऱ्या बाईची पाठ त्याचा हिशेब वर्षानुवर्षे चुकता करते. स्वतःच्या घरात ओटा तिच्या उंचीचा होतो. ही गोष्ट मला कुठल्याही करसवलतीपेक्षा मोठी वाटते. कपाटाचा वरचा खण हाताला लागतो, मिक्सरचे बटण सापडते, मोरीचा उतार बरोबर जातो. दिवसातले तीन-चार तास जिथे जातात तिथे शरीराला मान मिळतो.

तिथून खाली, जिन्याजवळ या. म्हैसूरच्या बहुतेक घरांत खाली संप, म्हणजे पाण्याचा हौद, असतो, वर टाकी, आणि मध्ये मोटर. तळमजल्यावर मालक, वर भाडेकरू, अशी रचना असली की मोटरचे बटण मालकांच्या व्हरांड्यात असते. पाहुणे आले, वर पाणी संपले, रात्रीचे साडेदहा झाले. अशा वेळी खाली जाऊन दार वाजवायचे की बादलीवर भागवायचे? मालक भले असतील, लगेच बटण दाबतील. पण दार वाजवण्याआधी जिन्यावर जो क्षणभर पाय थांबतो, तो क्षण मनात आणा. खिळा ठोकताना तोच क्षण येतो. मासळी शिजवताना येतो, गावाकडचे सहा जण लग्नासाठी आले की येतो, मुलाने भिंतीवर खडूने रेघोट्या मारल्या की येतो. क्षण लहान असतो, त्याबद्दल तक्रारही करवत नाही. वर्षभराचे असे क्षण गोळा केले तर माणूस किती वेळ परवानगीच्या दारात उभा होता ते कळेल. स्वतःचे घर झाले की ते उभे राहणे थांबते. भिंतीत खिळा ठोकतानाचा हात मोकळा होतो. मुलाला रेघोट्यांबद्दल रागवायचे की नाही, हे त्याची आई ठरवते. अनामत रक्कम ठरवत नाही.

एक खोल श्वास घ्या, कारण पुढे आकडे आहेत. आकड्यांसमोरही शांतपणे बसता येते.

समजा, ३० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले. महिन्याचा हप्ता साधारण २६,०३५ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले २१,२५० रुपये निव्वळ व्याज असते आणि मुद्दलातून फक्त ४,७८५ रुपये फिटतात. वीस वर्षांत एकूण साडेबासष्ट लाखांच्या आसपास भरले जातात. हा आकडा झाकून ठेवून घर घ्या म्हणणारा माणूस तुमचा हितचिंतक नाही. तो आकडा समोर ठेवा, त्याच्याकडे पाहा, छातीत काय होते ते पाहा. भीती वाटली तर तीही पाहा.

आता दुसरा आकडा. आज तसल्याच घराचे भाडे १२,००० आहे आणि ते दर वर्षी पाच टक्क्यांनी वाढते असे धरा. सोळाव्या वाढीनंतर भाडे हप्त्याच्या पुढे जाते, आणि वीस वर्षांत भाड्यापोटी जवळजवळ साडेसत्तेचाळीस लाख गेलेले असतात. एकविसाव्या वर्षी हप्तेवाल्याला देणे उरलेले नसते. घरपट्टी, पाणीपट्टी, डागडुजी, एवढेच. भाडेकरूचे त्या महिन्याचे भाडे जवळजवळ बत्तीस हजार असते आणि ते पुढेही वाढतच जाणार असते.

कोणी म्हणेल, आणि खरेच म्हणेल, की सुरुवातीच्या वर्षांत हप्ता आणि भाडे यांत दरमहा चौदा हजारांचा फरक आहे. तो नियमाने गुंतवला तर भाडेकरूकडेही मोठी पुंजी उभी राहील. राहील. ज्याच्या अंगी ती शिस्त आहे त्याने खुशाल तसे करावे. माझ्या पाहण्यात मात्र तो फरक बहुतेक वेळा वाहून जातो: कधी दुचाकीत, कधी लग्नाच्या आहेरात, कधी नुसताच. हप्त्याला दया नसते, आणि सामान्य पगारदाराच्या संसारात तीच कठोरता पुंजी उभी करते. मात्र हप्ता, बाकीची कर्जे धरून, हातात येणाऱ्या पगाराच्या चाळीस टक्क्यांपुढे जात असेल तर थांबावे, लहान घर बघावे, किंवा दोन वर्षे आणखी साठवावे. झोप उडवणारे घर घेऊ नये. आणि दर तीन वर्षांनी बदली होणाऱ्याने तर या सगळ्या विचारात पडूच नये. त्याला भाड्याचेच घर शोभते.

कर्नाटकात तिसरी वाट आहे, तिचीही ओळख असू द्या. तिला भोग्य म्हणतात. आठ-दहा लाख रुपये मालकाकडे एकरकमी ठेवायचे, तीन वर्षे भाडे न देता राहायचे, आणि निघताना रक्कम परत घ्यायची. ऐकायला गोड वाटते. पण महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर आठ लाखांची किंमत तीन वर्षांनी आजच्या सहा लाख बहात्तर हजारांएवढी उरते. तो फरक हेच भाडे. शिवाय मालकाने त्याच घरावर कर्ज काढून ते बुडवले असेल तर बँक दारात येते आणि आपली रक्कम अडकते. भोग्यावर राहत असाल तर करार नोंदवा आणि घरावर बोजा नाही ना ते आधी तपासा. ज्याच्याकडे भोग्याचे दहा लाख आहेत त्याच्याकडे घराच्या पहिल्या भरण्याचेही दहा लाख आहेत, हेही त्याने एकदा मनाशी म्हणून पाहावे.

आकडे खाली ठेवा. पुन्हा भिंतीला टेका आणि जरा मागे, सव्वाशे वर्षांपूर्वी जा.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट चाळींत, जिथे एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे होती, तिथे तो सर्वांत निर्दयपणे फिरला. १८९८ साली मुंबईत सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले; दादर, माटुंग्याच्या मोकळ्या वसाहती त्याच्याच आखणीतल्या. त्याच सुमारास प्लेग म्हैसुरात पोहोचला, आणि १९०३ साली इथेही नगर सुधारणा मंडळ झाले. दाट वस्ती विरळ करून रुंद रस्त्यांच्या नव्या वसाहती आखल्या गेल्या, लोकांना घरासाठी जागा दिल्या गेल्या. त्याच मंडळाचा वारसा १९८८पासून मुडा या नावाने चालला. म्हैसुरात अजूनही घराच्या तुकड्याला साइट म्हणतात आणि मंडळाकडून साइट मिळणे ही मध्यमवर्गीयाच्या आयुष्यातली मोठी घटना समजली जाते. वारा, उजेड आणि चार फूट मोकळी जागा हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे या शहराने मृत्यू पाहून शिकले.

मुंबईत पुढे काय झाले तेही आठवा. १९४७च्या भाडे कायद्याने भाडी गोठवली. गिरणगावातल्या लाखो कामगारांना त्या कायद्याने रस्त्यावर येण्यापासून वाचवले, हे उपकार लहान नाहीत. पण दशके लोटली, भाडे कवडीचे झाले, मालकाने दुरुस्ती सोडली, आणि भाडेकरूने आपल्या नसलेल्या वास्तूवर पैसा का घालावा? तुळया कुजत गेल्या. अखेर १९६९ साली कायदा करून सरकारला इमारत दुरुस्तीसाठी वेगळे मंडळ नेमावे लागले. पागडीच्या घरात पन्नास वर्षे काढलेली माणसे ते घर आपले म्हणत, आणि पावसाळ्यात छताकडे बघत झोपत. घर आपले असण्यात त्याच्या गळतीची जबाबदारीही आपली असते. तो भार आहे खरा. पण गळती दिसली की त्याच आठवड्यात गवंडी बोलावण्याचा अधिकार त्या भाराबरोबरच येतो.

तुमच्या घरात आत्ता कुठे ओल आहे? तिथे लक्ष न्या. ती घालवणे कोणाच्या हातात आहे?

पुढचा टप्पा कागदांचा, आणि इथे सगळ्यात सावकाश चालायचे आहे. मेटगळ्ळीसारख्या, खेडे असून शहरात सामावलेल्या भागात शेजारशेजारची तीन घरे दिसायला सारखी असतात आणि कागदावर तीन जगांत राहतात. एक मुडाच्या मंजूर आराखड्यातल्या साइटवर असते. दुसरे शेतजमीन बिगरशेती न करताच तुकडे पाडून विकलेल्या रेव्हेन्यू साइटवर असते. तिसरे जुन्या गावठाणातले, पिढीजात, वाटणीपत्राविना चार भावांचे. स्वस्त असते ते का स्वस्त आहे, हे विचारल्याशिवाय विसार देऊ नका. खरेदीखत, त्यामागची निदान तीस वर्षांची मालकीची साखळी, बोजा दाखला म्हणजे ज्याला इथे सगळे ईसी म्हणतात तो, खाते, म्हणजे घराची स्थानिक कर-दप्तरातली नोंद, कोणाच्या नावावर आहे आणि कुठल्या प्रकारचे आहे, कराच्या पावत्या, बांधकामाचा मंजूर नकाशा. कन्नड वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्या, व्यवहारात हितसंबंध नसलेल्या माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या. वकिलाचे पैसे वाचवू नका. प्रत्येक कागद हातात घेतल्यावर एक श्वास थांबा, मग पुढचा घ्या. विक्रेता घाई करत असेल तर ती घाई हीच माहिती समजा.

आणि खरेदीखतावर नाव कोणाचे? या प्रश्नापाशी मला तुम्हाला जास्त वेळ बसवायचे आहे.

आपल्याकडे घर ‘यांचे’ असते. झाडते, सारवते, सजवते ती, आणि भांडण विकोपाला गेले की माहेरी जाते तीच. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा वाटा बायकोच्या नावे करावा असे आवाहन केले, आणि गावोगावच्या पुरुषांनी ते केले. कर्नाटकात आणि महाराष्ट्रात १९९४ साली, आणि साऱ्या देशात २००५ साली, हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना जन्मजात वाटा मिळाला. २०१५च्या प्रधानमंत्री आवास योजनेत घर बाईच्या नावे किंवा तिच्यासह असावे ही अट घातली गेली. महाराष्ट्रात बाईच्या नावे घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सूट २०२१पासून आहे. एवढे सगळे असून, ज्या घराचा हप्ता दोघांच्या पगारातून जातो त्याच्या कागदावर एकच नाव मी किती वेळा पाहतो! जिला भाड्याच्या घरात मालकाची परवानगी लागायची तिला स्वतःच्या घरात नवऱ्याची लागत असेल, तर वर सांगितलेले फायदे तिच्यापर्यंत पोहोचलेच नाहीत.

डोळे मिटून खरेदीखताचे पहिले पान आणा. खरेदीदाराच्या जागी दोन नावे वाचा. दुसरे नाव लिहिताना मनात कुठे अडते का ते प्रामाणिकपणे पाहा. नुसते पाहून सोडू नका, जोडीदाराजवळ बोला.

भाषेचीही गोष्ट आहे. १९०६ ते १९०९ या काळात म्हैसूरचे दिवाण असलेले व्ही. पी. माधवराव तंजावरी मराठी घराण्यातले होते, त्यांच्यानंतरचे टी. आनंदराव तेही. त्यांच्या पूर्वजांना महाराष्ट्र सोडून पिढ्या उलटल्या होत्या. रस्त्यावर तमीळ, दरबारात इंग्रजी आणि कन्नड, तरी तंजावरी कुटुंबांत मराठी उंबरठ्याच्या आत टिकली. बोली टिकायला एक स्वयंपाकघर लागते, आजी लागते, आणि त्या आजीला हक्काची खोली लागते. वन बीएचकेच्या भाड्याच्या घरात आजी पाहुणी असते. आठवड्याने गावी परतते आणि तिच्याबरोबर ओव्याही परततात. मेटगळ्ळीतल्या मुलाने बाहेर अस्सल म्हैसुरी कन्नड बोलावे, त्यात त्याचे सुख आहे. घरात आजीशी मराठीत बोलावे, त्यासाठी आजीला राहायला बोलावता येईल अशी एक खोली करा.

शेवटी वय. साठी ओलांडलेल्या स्वतःला डोळ्यांसमोर आणा. कारखान्याचे क्वार्टर सुटले आहे, पगाराच्या जागी निवृत्तिवेतन आले आहे. त्या वयात जिने चढून भाड्याची घरे बघत फिरणारा माणूस आणि न्हाणीघरात आधाराचा दांडा स्वतःच्या मर्जीने बसवून घेणारा माणूस, यांतला कोण व्हायचे ते आजच्या तिशी-चाळिशीत ठरते. हाताशी पैसा कमी पडला तर साठीनंतर राहते घर तारण ठेवून बँकेकडून दरमहा रक्कम घेण्याची सोय आपल्याकडे २००७पासून आहे, आणि हयात असेतो घर सोडावे लागत नाही. फार थोडे लोक ती वापरतात. मुलांसाठी घर राखून स्वतः औषधांत काटकसर करणाऱ्या आईवडिलांनी तिचा विचार जरूर करावा.

आता वीस वर्षे पुढे या, शेवटच्या हप्त्याच्या दिवसापर्यंत. तो भरला की काम संपत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे, १ डिसेंबर २०२३पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत करणे आणि बोजा उतरवणे बँकेला बंधनकारक आहे. तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला मिळते. कागद मोजून घ्या, पहिल्या दिवशी दिलेल्या यादीशी ताडून पाहा. मग उपनिबंधक कार्यालयातून नवा बोजा दाखला काढा आणि घरी आणून, ज्या दोघांची नावे त्यावर आहेत त्या दोघांनी मिळून तो पहिल्या ओळीपासून वाचा.